उष्टावणीनंतरचा दुसरा दिवस



वर्धा नदीच्या तीरावरील कौंडण्यपूर हे परंपरेने प्राचीन विदर्भाची राजधानी मानले जाते. या गावाची कीर्ती राजांपेक्षा कन्यांमुळे अधिक पसरली. भीष्मकाची रुक्मिणी येथली आणि भीमराजाची दमयंतीही याच कुंडिनपुरातली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देशातील पुष्कळ तीर्थे देवांच्या जन्मामुळे किंवा पराक्रमामुळे प्रसिद्ध आहेत, पण कौंडण्यपूर हे देवीचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणूनच माहेर आणि मूल या दोन शब्दांशी जडलेला एक घरगुती विषय या गावाच्या साक्षीने मांडावा असे मला वाटले. तो विषय म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे अन्न देण्याचा इतिहास.

आपल्याकडे मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना तिला न्हाऊमाखू घालतात, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करतात. या काळात तिची आई, मावशी, आत्या सगळ्या तिच्याभोवती असतात. पुढे काही महिन्यांनी बाळाला घेऊन ती सासरी जाते. तेथे बाळाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते. मामा येतो, चांदीची वाटी आणतो, बाळाला मांडीवर घेऊन खिरीचे बोट चाटवतो. घरात गोडधोड होते, पाहुणे जेवतात, आणि संध्याकाळी मामा आपल्या गावी परततो.

दुसऱ्या दिवशी काय होते? दुसऱ्या दिवशी खीर नसते. सासू-सासरे, नवरा, दीर आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि बाळाची आईही चुलीकडे किंवा शेताकडे वळलेली असते. बाळाला मात्र त्या दिवसापासून पुढची दीड वर्षे, रोज दोन-तीन-चार वेळा, मऊ, दाट आणि ताजे असे काहीतरी लागते. ते कोण शिजवणार, कोण घोटणार आणि कोण भरवणार? पहिल्या घासाचा विधी आपण हजारो वर्षे सांभाळला, परंतु दुसऱ्या दिवसापासूनच्या घासांची व्यवस्था लावली नाही. माझ्या मते आपल्याकडील बालसंगोपनाच्या इतिहासाचे सार यातच आहे. त्याचा पुरावा आता क्रमाने पाहू.

मातीखालचा पुरावा

१९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी महाराष्ट्र शासनाच्या वतीने कौंडण्यपूरच्या पांढरीत उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. महापाषाणयुगीन लोकांपासून सातवाहनांपर्यंत आणि त्यापुढेही येथे वस्ती होती, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुराणांतील कुंडिनपुराचा वैभवशाली वाडा शोधणाऱ्याला अशा टेकाडात मुख्यतः खापरे सापडतात, म्हणजे सामान्य माणसांच्या स्वयंपाकघराचे अवशेष. इतिहासाचा हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण बाळाचे अन्न राजवाड्यात आणि झोपडीत एकाच रीतीने, मडक्यात शिजून, दगडावर वाटून तयार होत असे.

परंतु खापरावरून बाळ कळत नाही. त्यासाठी वऱ्हाड सोडून घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगावास जावे लागते. तेथे १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे उत्खनन चालले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे खेडे होते आणि जव हे त्यांचे मुख्य पीक होते. तेथील लोक मेलेल्या लहान मुलांना गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत मूल ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, अशी त्यांची रीत होती. इनामगावी मिळालेल्या दफनांत लहान मुलांचीच संख्या मोठी आहे. उत्तरकाळात पाऊसपाणी आणि शेती खालावली, तेव्हाच्या बालकांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणाही अभ्यासकांना दिसल्या आहेत.

यावरून एवढेच लक्षात घ्यावयाचे की, बाळ जगवणे ही महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांपुढची सर्वांत कठीण कामगिरी होती. आईच्या अंगावरचे दूध बाळाला अवर्षणातही मिळत असे, परंतु त्यापुढचे अन्न शेतावर, पावसावर आणि आईच्या हाताला मिळणाऱ्या उसंतीवर अवलंबून होते. ही अवस्था पुढे तीन हजार वर्षे फारशी बदलली नाही.

ग्रंथांनी काय सांगितले

आता लिखित परंपरेकडे वळू. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला आहे, आणि दही, मध व तूप घातलेले अन्न बाळाला द्यावे असे म्हटले आहे. मनुस्मृतीतही सहावाच महिना येतो. पुढच्या धर्मग्रंथांनी मुलग्याला सम महिने आणि मुलीला विषम महिने असा भेद केला आणि मुहूर्ताची चर्चा वाढवली. सुश्रुताने वैद्याच्या दृष्टीने सहाव्या महिन्यापासून हलके व हितकर अन्न द्यावे असे सांगितले. वाग्भटाने दात आल्यावर अंगावरचे दूध हळूहळू कमी करावे असा क्रम दिला.

येथे एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतील अनेक डॉक्टर दोन-तीन महिन्यांच्या, कधी त्याहूनही लहान बाळाला गाळलेल्या भाज्या आणि धान्याचे पीठ देण्याचा सल्ला देत असत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने चार ते सहा महिने अशी मर्यादा मानली, आणि २००१ साली पूर्ण सहा महिने केवळ आईचे दूध व त्यानंतर वरचे अन्न असा निर्णय दिला. आपल्या आजीची दिनगणना शास्त्राच्या निर्णयाशी जुळली, याचा आनंद वाटणे साहजिक आहे. तथापि आनंदाच्या भरात तपशील सुटू नये. जुन्या विधीत मध आहे, आणि आजही काही घरांत जन्मल्या दिवशीच बाळाला मध चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे आजचे वैद्यक निक्षून सांगते, कारण मधात क्वचित असणाऱ्या एका जंतूच्या बीजांचे विष त्या वयात प्राणावर बेतू शकते. परंपरेचा महिना घ्यावा आणि मध सोडावा, एवढा विवेक आपण करू शकतो.

बालरोगांना वाहिलेला आपला प्राचीन ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. काश्यपाने सहाव्या महिन्यात फळे चाखवावीत आणि धान्याचे अन्न दात आल्यावर अथवा दहाव्या महिन्यात द्यावे असे सांगितले आहे. जुन्या तांदळाचे, चांगले शिजवलेले, स्नेह घातलेले चाटण कसे द्यावे याचाही तो विचार करतो. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा विचार करणारा वैद्य आपल्याकडे झाला होता. धान्याला त्याने लावलेला उशीर आजच्या शास्त्राला मान्य नाही, परंतु प्रारंभ फळांच्या मऊ गरापासून करण्याची त्याची दृष्टी मार्मिक आहे. दुर्दैव असे की हा ग्रंथ शतकानुशतके जवळजवळ लुप्त होता. नेपाळात मिळालेल्या खंडित पोथीवरून तो १९३८ साली मुंबईत छापला गेला. घरोघरी पोचला तो विधी आणि मुहूर्त. वैद्याचा सल्ला पोथीतच राहिला.

वऱ्हाडातली चूल

मग प्रत्यक्ष घरात काय होत होते? वऱ्हाडात ज्वारी आणि तूर ही घरची धान्ये. ज्वारीच्या कण्या, वरण, मुगाची खिचडी, गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी हे बाळाचे पदार्थ सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. परसात शेवगा असे, कुडाच्या भिंतीवर चढलेला दुधी असे, आणि छपरावर लाल भोपळा पिके. या लाल भोपळ्याला वऱ्हाडात कोहळे म्हणतात. गंमत अशी की हा लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीज समुद्रमार्गे आल्यानंतरच तो आपल्याकडे रुजला. बटाट्याचीही तीच कथा आहे. ज्याला आपण आजीच्या वेळचे म्हणतो त्यातले पुष्कळसे कोणत्या तरी पणजीने एके दिवशी नव्याने पत्करलेले असते. बाळाच्या अन्नात नवी भाजी आणणे हा परंपरेचा भंग नव्हे, हे त्या पणज्यांनीच दाखवून ठेवले आहे.

साधने तर घरात होतीच. पाटा-वरवंटा होता, रवी होती, पुरणाची चाळण होती आणि पुढे पितळेचे पुरणयंत्र आले. शिजलेली डाळ एका बाजूने घालून दांडा फिरवला की दुसऱ्या बाजूने मऊसूत पुरण पडते. शिजलेली कोणतीही भाजी त्याच यंत्रातून तितकीच मऊ निघते. वर्षातून होळीला आणि पोळ्याला खाली उतरणारे हे यंत्र वस्तुतः बाळ असलेल्या घरात रोज उपयोगी पडण्याजोगे होते. पण बाळाच्या वाट्याला पुरण घोटण्याइतके कष्ट येत नसत. त्याच्या वाट्याला वरणाचे वरचे पाणी येई.

हे वरणाचे पाणी, भाताची पातळ निवळ किंवा पाणी घातलेले दूध हेच बाळाचे खरे वैरी होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बाळाचे पोट फार लहान असते. त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक वाटी मावते. ती वाटी पाण्याने भरली तर बाळ तृप्त दिसते, झोपते, आणि उपाशी राहते. डाळ तळाशी बसते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते.

असे का घडे, याचे उत्तर केवळ अज्ञान असे देऊन भागणार नाही. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचे अर्थकारण बदलले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ साली रेल्वे नागपुरापर्यंत पोचली. जमीन अधिकाधिक कापसाकडे वळली. कापसाने पैसा दिला, पण कापूस शिजवून बाळाला घालता येत नाही. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, धान्य विकत घ्यावे लागणाऱ्या मजूर कुटुंबांची जी दैना झाली तिच्यात लहान मुले आधी गेली. शिवाय निंदण आणि वेचणी ही दोन्ही कामे मुख्यतः बायकांची. वेचणीच्या दिवसांत आई पहाटे भाकरी थापून शेतात जाई आणि बाळ सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर राही. त्या बहिणीने सकाळची खिचडी दुपारी आणि दुपारची संध्याकाळी भरवावी, यात तिचा काय दोष?

मग बाळाला जुलाब लागत. घरातली जाणती माणसे सांगत, 'दातांचे जुलाब आहेत, दात आले की थांबतील.' दात आणि वरचे अन्न एकाच वयात येतात, म्हणून दोष दातांवर गेला. १९६३ साली गॉर्डन, चितकारा आणि वायन यांनी पंजाबातील खन्ना भागातल्या खेड्यांच्या निरीक्षणावरून या दुखण्याला स्वतंत्र नाव दिले, त्याचा अर्थ अंगावरून सुटणाऱ्या बाळाचा अतिसार. पुढे आफ्रिकेतील गँबियाच्या खेड्यांत बाळांची पेज तासातासाने तपासली, तेव्हा शिजवून ठेवलेल्या पेजेत काही तासांतच जंतू भरमसाट वाढतात असे सिद्ध झाले. दोष दातांचा नव्हता, शिळ्या वाटीचा होता.

डबा आणि त्याची जाहिरात

इकडे हे चालले असता युरोपात आणि अमेरिकेत याच अडचणीतून एक उद्योग उभा राहिला. १८६० नंतरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने बाळांसाठी गव्हाचे पीठ, दूध आणि मोडाच्या धान्याचे पीठ यांचे मिश्रण काढले. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये आन्री नेस्ले याने दुधाचे पीठ विकायला आणले. भाज्यांचा डबा त्यानंतर साठ वर्षांनी आला. १९२७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, फ्रीमाँट गावी डॉरथी गर्बर ही गृहिणी आपल्या तान्ह्या मुलीसाठी वाटाणे हाताने गाळत बसे. त्या कटकटीला कंटाळून तिने नवऱ्याला सुचवले की, आपल्या कारखान्यात हे काम यंत्राने का होऊ नये? त्यांचा भाज्या डबाबंद करण्याचाच धंदा होता. दुसऱ्या वर्षी गाळलेल्या वाटाण्याचे, गाजराचे, पालकाचे डबे बाजारात आले.

या गोष्टीतले मर्म डब्यात नाही. एका आईने वाटाणे गाळण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे असे म्हटले, आणि तिचे ऐकले गेले. आपल्याकडील आईनेही हेच म्हटले असेल, पण तिच्या नवऱ्याचा कारखाना नव्हता.

आपल्याकडे डबा प्रथम शहरांतील सुखवस्तू घरांत आला. ग्लॅक्सोच्या जाहिरातीतले गुटगुटीत बाळ इतके रूढ झाले की गोबऱ्या मुलाला लोक 'ग्लॅक्सो बेबी' म्हणू लागले. १९६० च्या सुमारास आणंदच्या अमूल दूधसंघाने म्हशीच्या दुधापासून बालअन्न तयार करून दाखवले, ही भारतीय तंत्रज्ञांची मोठीच कामगिरी होती. पण डबा महाग, आणि महाग वस्तू गरीब घरात पुरवून पुरवून वापरली जाते. चार चमच्यांच्या जागी एक चमचा पडू लागला आणि वरणाच्या पाण्याच्या जागी डब्याचे पाणी आले. त्यातच जाहिरातीने आईच्या दुधावरचा विश्वास ढळू लागला. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीसाठी आचारसंहिता स्वीकारली. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात करता येत नाही.

नदीच्या दोन्ही तीरांवर

बाळाच्या अन्नाचे शास्त्र विसाव्या शतकात उलगडले. १९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, अंगाला सूज येऊन मरणारी मुले पाहिली आणि त्या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथील लोकभाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ असा होता की, दुसरे बाळ आल्याने पहिल्याला होणारा आजार. पहिले मूल अंगावरून सुटते आणि पेजेवर पडते, एवढी मोठी मीमांसा त्या एका शब्दात साठवलेली होती.

आपल्या देशात कून्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या हाताखाली सुरू झालेली आहारसंशोधनाची शाळा १९५८ साली हैदराबादेस गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्ध झाली. डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दाखवून दिले की, बाळासाठी परदेशी चूर्णाची गरज नाही. भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम हे त्यांचे मिश्रण कुपोषित मुलांना सावरण्यासाठी वापरले गेले. यातली कोणती वस्तू वऱ्हाडच्या वाण्याकडे मिळत नाही?

धान्याला मोड आणण्याच्या जुन्या युक्तीचा अर्थही आता कळला. नाचणी किंवा ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की तिच्यात असा एक पाचकद्रव निर्माण होतो की जो पिठूळपणा मोडतो. दाट शिजवलेल्या पेजेत असे चमचाभर पीठ घातले की पाणी न वाढवता ती सैल होते. बाळाला गिळायला सोपी पडते आणि सत्त्व कमी होत नाही. वरणाच्या पाण्याच्या नेमके उलट असे हे काम आहे.

वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. तेथे मगनवाडीत आणि पुढे सेवाग्रामात गांधीजींनी आहाराचे प्रयोग केले. १९३५ च्या सुमारास पालेभाजीचे महत्त्व ते 'हरिजन'मधून आग्रहाने मांडत होते. अलीकडच्या तीरावर अमरावतीत काही वर्षे राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस काम सुरू केले. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी घडवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. त्या पहिल्या ३३ गटांत आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे धारणी होते.

तरीही १९९३ साली त्याच मेळघाटातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. योजना होती, केंद्रे होती, मग काय चुकले? रस्ते, दवाखाने, दारिद्र्य, स्थलांतर अशी पुष्कळ कारणे आहेत आणि त्यांपैकी एकही क्षुल्लक नाही. परंतु आपल्या विषयापुरते एक कारण सांगतो. तीन वर्षांवरचे मूल अंगणवाडीत चालत येते आणि पंगतीत बसून खाते. सहा महिन्यांचे मूल चालत येत नाही. त्याच्या वाटणीचा शिधा घरी जातो, घरात सर्वांच्या भांड्यात पडतो, आणि भरवायला वेळ असलेले माणूस घरात नसते. २००५ साली महाराष्ट्रात राजमाता जिजाऊ अभियान सुरू झाले, आणि पुढे त्यात लक्ष दोन वर्षांखालील मुलांकडे वळवले गेले, ते याच कारणाने. आणि ही उणीव केवळ मेळघाटची नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी शंभरात जेमतेम अकरांना पुरेसा आणि विविध आहार मिळतो असे आढळले. यात बंगल्यांतली मुलेही आली. तेव्हा हा प्रश्न गरिबीचा आहे तसाच सवयीचाही आहे.

करावयाचे काय

शास्त्राने आज जे निश्चित सांगितले आहे ते थोडक्यात असे. सहा महिन्यांच्या सुमारास बाळाच्या शरीरातील लोहाचा जन्मजात साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडे असते. म्हणून डाळ, हिरवी पाने, ज्यांना चालते त्यांनी अंडे किंवा मांस, हे लवकर सुरू करावे. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा जिल्हा आपला. जेवणाबरोबर दिलेल्या संत्र्याच्या फोडीचा गर अन्नातले लोह अंगी लागण्यास साह्य करतो. कोहळे, गाजर, पपई, शेवग्याची पाने यांतून डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्व मिळते. ते तेलातुपाशिवाय नीट शोषले जात नाही, म्हणून 'तुपाने खोकला होतो' हा समज सोडून चमचाभर तेल किंवा तूप घालावे. मीठ आणि साखर पहिल्या वर्षात घालू नये. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावे.

कृती म्हणाल तर तिच्यात काही अवघड नाही. मूठभर तांदूळ किंवा ज्वारीच्या बारीक कण्या, त्याच्या निम्मी मुगाची डाळ, कोहळ्याची साल काढलेली फोड आणि चार-सहा कोवळी पाने एकत्र मऊ शिजवावी. हात, वाटी आणि पुरणयंत्र स्वच्छ धुऊन घ्यावे आणि सारे त्यातून काढावे. पुरणयंत्र नसेल तर रवीने किंवा वाटीच्या बुडाने घोटावे. दाटपणाची कसोटी अशी की चमचा कलता केला तरी घास त्यावरून ओघळू नये. प्रथम दोन-तीन चमचे, मग सहा ते आठ महिन्यांत अर्धी वाटी दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा. आठव्या-नवव्या महिन्यात गाळणे सोडून नुसते कुस्करावे, म्हणजे बाळ चावायला शिकते. वर्षाचे झाले की ते आपल्याच ताटातले खाईल. उरलेली वाटी संध्याकाळसाठी झाकून ठेवू नये.

परंतु कृती सांगून व्याख्यान संपवले तर इतिहासाने काहीच शिकवले नाही असे होईल. वऱ्हाडच्या आईला कोहळे शिजवता येत नव्हते म्हणून मुले खंगली नाहीत. तिला दुपारी घरी बसता येत नव्हते. तेव्हा हा प्रश्न पाककृतीचा जितका आहे तितकाच वेळेचा आहे, आणि वेळ ही घराने व गावाने मिळून द्यावयाची वस्तू आहे. घरातल्या पुरुषाने बाळाला एक वेळ भरवावे. शिजवण्याचे, घोटण्याचे काम सासऱ्यालाही करता येते, आणि त्यात कमीपणा नाही. कामावर येणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर असावे, ही तरतूद महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेतही होती. ती तरतूद वेचणीच्या हंगामात गावानेच का करू नये? बचत गटाच्या चार बायांनी वस्तीतल्या दहा बाळांची दुपारची खिचडी ताजी शिजवली, तर त्या दहा आयांची चिंता एका चुलीवर मिटते.

रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण अभिमान बाळगतो. माहेर म्हणजे लेकीची काळजी वाहणारे घर. बाळंतपणात ते आपले काम चोख बजावते, आणि उष्टावणीला मामाला पाठवून पुन्हा एकदा हजेरी लावते. माझी मामांना एवढीच विनंती आहे की, चांदीची वाटी अवश्य न्या, पण निघण्यापूर्वी बहिणीच्या घरातील मंडळींना एक प्रश्न विचारा. उद्या दुपारी या वाटीत काय असेल, आणि ते बाळाला कोण भरवील? उत्तर समाधानकारक नसेल, तर आणखी एक दिवस राहा.